निकाल प्रश्नातच असतो

वृत्तवाहिन्यांवरच्या रात्रीच्या चर्चांवर कोणी आक्षेप घेतला की तीन उत्तरे ठरलेली असतात. पहिले, आम्ही दोन्ही बाजूंना बोलावतो, मग पक्षपात कुठे आहे? दुसरे, लोकांना हेच पाहायचे आहे. ज्याला नको त्याच्या हातात रिमोट आहेच. तिसरे, चर्चेवर बंधने आणणे म्हणजे माध्यमांच्या स्वातंत्र्यावर घाला घालणे. ही उत्तरे टाकाऊ नाहीत. देशात एकच दूरचित्रवाणी होती, ती सरकारची होती आणि तिच्यावर विरोधी पक्षाचा नेता दिसणे ही अपूर्वाई होती, तो काळ ज्यांना आठवतो त्यांना एका पडद्यावर सहा पक्षांचे प्रवक्ते दिसणे ही प्रगतीच वाटणार. म्हणूनच या उत्तरांचा नीट प्रतिवाद करायला हवा. माझे म्हणणे असे की, पक्षपात पाहुण्यांच्या यादीत शोधण्यात आपण चुकतो आहोत. पाहुणे जमण्याच्या कितीतरी आधी, विषय निवडताना आणि प्रश्न लिहिताना, तो ठरून गेलेला असतो. रात्री नऊ वाजता दिसते ती त्या निर्णयाची अंमलबजावणी. समाजात आज जी फूट दिसते, तिला या प्रश्नांनी खतपाणी घातले आहे.

आधी चर्चेचा साचाच जवळून पाहू. नियमांनुसार तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटे जाहिराती दाखवता येतात. ती मर्यादा पाळली असे धरले, तर ४८ मिनिटे उरतात. अँकरचे सुरुवातीचे निवेदन, पुन्हापुन्हा दाखवली जाणारी दृश्ये आणि मध्येमध्ये त्याचे बोलणे यांत १५ मिनिटे गेली, तर सहा पाहुण्यांच्या वाट्याला ३३ मिनिटे येतात. म्हणजे प्रत्येकाला साडेपाच मिनिटे. तीही सलग नाहीत. चाळीस-पन्नास सेकंदांचे तुकडे, त्यांवर दुसऱ्याचा चढलेला आवाज, खाली सरकणारी पट्टी आणि ‘फक्त हो की नाही ते सांगा’ हा धोशा. चाळीस सेकंदांत आरोप करता येतो, घोषणा देता येते, जुने प्रकरण उकरून काढता येते. कायद्याच्या कलमातला अपवाद समजावता येत नाही, आकडा कुठून आला ते सांगता येत नाही, आणि ‘तुमचा हा मुद्दा मला मान्य आहे, पण’ अशी सुरुवात तर करताच येत नाही, कारण ‘मान्य आहे’ म्हणताक्षणी अँकर ते वाक्य तिथेच तोडून प्रतिपक्षाच्या पदरात टाकतो. अशा साच्यात विचार करून बोलणारा माणूस रोज हरतो आणि ओरडणारा रोज जिंकतो. काही महिन्यांत पहिला येणे बंद करतो, दुसरा कायमचा पाहुणा होतो. निवडीची ही चाळणी कोणत्याही एका पक्षाची नाही. पण तिच्यातून उरतात ते प्रत्येक बाजूचे सर्वांत कडवे आवाज.

आता प्रश्नाकडे येऊ. १६ एप्रिल २०२० रोजी रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावात जमावाने दोन साधूंची आणि त्यांच्या वाहनचालकाची हत्या केली. टाळेबंदीचे दिवस होते. मुले पळवणाऱ्या टोळ्या फिरत असल्याची अफवा त्या भागात पसरली होती. पोलीस घटनास्थळी होते आणि तरीही तिघांचे प्राण वाचले नाहीत. पुढे काही पोलिसांवर बडतर्फीपर्यंतची कारवाई झाली. या घटनेतून निघणारे प्रश्न स्वच्छ होते. अफवा पाड्यापाड्यांत कशी पोचली? प्रशासनाला ती आधी का कळली नाही? समोर जमाव असताना पोलिसांनी काय करायला हवे होते? पण पडद्यावर प्रश्न आला तो धर्माचा. अखेर अटक केलेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यांत एकही मुस्लिम नाही, असे राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांना सांगावे लागले. एखाद्या गुन्ह्यातल्या आरोपींच्या धर्माची खात्री मंत्र्याला द्यावी लागते, तेव्हा तो प्रश्न तपासातून आलेला नसतो, स्टुडिओतून आलेला असतो. खुलाशानंतरही प्रश्न मागे घेतला गेला नाही. संशयाचे बोट दुसरीकडे वळले, इतकेच. त्या चर्चांना दोन्ही बाजूंचे पाहुणे होतेच. पण ‘यामागे कोणत्या धर्माचे लोक आहेत’ या प्रश्नावर दोन बाजू बोलावल्या, की एक बाजू फिर्यादी होते आणि दुसरी आरोपी. आरोपीला बोलू दिले म्हणून खटला न्याय्य ठरत नाही.

त्याच दिवसांतले दुसरे उदाहरण तर न्यायालयाच्या नोंदीत आहे. दिल्लीच्या मरकजला आलेल्या तबलिगी जमातच्या परदेशी सदस्यांवर अहमदनगर जिल्ह्यात गुन्हे दाखल झाले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२०मध्ये २९ परदेशी नागरिकांवरचे ते गुन्हे रद्द केले. मुद्रित आणि दृक्‌श्राव्य माध्यमांत या लोकांविरुद्ध मोठा प्रचार झाला, साथ त्यांच्यामुळेच पसरली असे चित्र उभे करण्याचा प्रयत्न झाला आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले, असे निकालपत्रात नोंदवले आहे. खंडपीठातल्या दुसऱ्या न्यायमूर्तींनी काही निरीक्षणांबाबत वेगळे मत नोंदवले, पण गुन्हे रद्द करण्याबाबत दोघांचे एकमत होते. प्रश्न असा आहे की, मार्च-एप्रिलमध्ये ज्या चौकटींत रोज या लोकांवर चर्चा झाली, त्याच चौकटींत ऑगस्टमध्ये या निकालावर किती चर्चा झाली? आरोपाला रोजचा तास आणि निर्दोषत्वाला एका ओळीची पट्टी, हा ज्या माध्यमाचा हिशेब आहे, त्याने समतोलाचा दावा करू नये.

विषयाची निवड हा पक्षपाताचा आणखी खोल थर. १४ जून २०२० रोजी मुंबईत एका तरुण अभिनेत्याचा मृत्यू झाला आणि पुढचे काही महिने अनेक राष्ट्रीय वाहिन्यांनी रात्रीच्या रात्री त्यालाच वाहिल्या. एका तरुणीला तपास पूर्ण होण्याआधीच दोषी ठरवण्यात आले. एम्सच्या वैद्यकीय मंडळाने ऑक्टोबरमध्ये हत्येची शक्यता नाकारली. सीबीआयने मार्च २०२५मध्ये प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. या वार्तांकनाविरुद्ध याचिका करणाऱ्यांत राज्यातले निवृत्त वरिष्ठ पोलीस अधिकारीही होते. १८ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने माध्यमांनी चालवलेला असा समांतर खटला न्यायदानात हस्तक्षेप करतो, असे स्पष्ट केले आणि दोन वाहिन्यांचे वार्तांकन प्रथमदर्शनी अवमानकारक असल्याचेही नमूद केले. कारवाई मात्र केली नाही. याच काळात देशात आणखी काय घडत होते? एप्रिल ते जून या तिमाहीत अर्थव्यवस्था जवळजवळ २४ टक्क्यांनी आकुंचन पावल्याचे ऑगस्टअखेर जाहीर झाले. ११ सप्टेंबरला महाराष्ट्रातल्या कोरोनाबाधितांनी दहा लाखांचा आकडा ओलांडला. २० सप्टेंबरला राज्यसभेत कृषी विधेयके आवाजी मतदानाने मंजूर झाली; पुढे वर्षभर ज्यावरून आंदोलन पेटले ते हेच कायदे. ज्या प्रश्नांची उत्तरे सरकारांनी द्यायची होती, दिल्लीतल्या आणि मुंबईतल्याही, त्यांची जागा एका शोकग्रस्त घराने आणि एका तरुणीच्या फोनमधल्या संदेशांनी व्यापली. सत्तेला विचारायचा प्रश्न न विचारणे हाही पक्षपातच आहे, आणि तो पाहुण्यांची संख्या मोजून कधीच सापडणार नाही.

राष्ट्रीय वाहिन्यांचे हे दोष मराठीत नाहीत, असे समजण्याचे कारण नाही. आरक्षणाचा विषय घ्या. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाचा २०१८चा कायदा रद्द केला. पुढे जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती आली, फेब्रुवारी २०२४मध्ये विधिमंडळाने दहा टक्के आरक्षणाचा नवा कायदा केला. गावातल्या तरुणाला यातून जाणून घ्यायचे असते ते असे : आजोबांची नोंद सापडली तर दाखला कसा काढायचा, पडताळणी समितीपुढे कोणते पुरावे चालतात, पन्नास टक्क्यांच्या मर्यादेचे काय होणार, आणि सरकारी जागाच मुळात किती निघत आहेत. त्याच्या बहिणीला जाणून घ्यायचे असते की खासगी महाविद्यालयाच्या शुल्काला यातून काही आधार मिळेल का. या प्रश्नांची उत्तरे देणारे लोक महाराष्ट्रात आहेत. पण पडद्यावर ‘मराठा विरुद्ध ओबीसी’ अशी पाटी लागते, दोन्हीकडचे दोन आक्रमक नेते समोरासमोर बसवले जातात, आणि ‘कोण कोणाच्या ताटातले ओढतो आहे’ यावर तास संपतो. ‘विरुद्ध’ हा एक शब्द लिहिला की अर्धे काम झालेले असते. ज्या दोन समाजांची शेते एकाच बांधाला लागून आहेत, त्यांना प्रश्नानेच एकमेकांपुढे उभे केले. यात वाहिनीने कोणाचीच बाजू घेतलेली नाही. तिने भांडणाची बाजू घेतली आहे.

यावर बचाव असा की, दोन्ही टोकांचे लोक समाजात आहेतच, आम्ही केवळ आरसा धरतो. पण आरसा निवड करत नाही, संपादक करतो. २०११च्या जनगणनेनुसार देशात १७ कोटींहून अधिक मुस्लिम आहेत. त्यांत डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, विणकर आहेत, वकील आहेत. पण विषय कोणताही असो, चौकटीत पुन्हापुन्हा एखादे मौलानाच दिसतात आणि त्यांच्या एखाद्या आडमुठ्या वाक्याचा भार साऱ्या समाजावर पडतो. दुसरीकडेही हेच : कोट्यवधी श्रद्धाळू हिंदूंच्या नावाने बोलायला सर्वांत तापट माणूस निवडला जातो. प्रेक्षक रोज प्रतिपक्षाचा सर्वांत वाईट नमुना पाहतो आणि झोपताना त्याची खात्री पटलेली असते की समोरचे सगळे असेच आहेत. ध्रुवीकरण याच रीतीने होते. विरोधकाचे सर्वांत बळकट म्हणणे कधीच न ऐकल्यामुळे होते. आपल्या परंपरेत वादाचा पहिला नियमच पूर्वपक्षाचा होता : खंडन करायचे असेल तर आधी प्रतिपक्षाचे म्हणणे त्यालाही मान्य होईल असे मांडा. न्यायसूत्रांनी वाद, जल्प आणि वितंडा असा भेद केला. सत्यासाठी चालतो तो वाद, विजयासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची कोणतीच बाजू न मांडता केवळ समोरच्याला पाडण्यासाठी चालते ती वितंडा. १८९१च्या संमतिवयाच्या वादात टिळक-आगरकरांच्या बाजूंत कडवटपणा कमी नव्हता; पण लेखाला लेखाने उत्तर द्यावे लागे आणि दोन्ही लेख वाचकाच्या हातात राहत. तुलना करण्याची ती सोय आज प्रेक्षकाकडून काढून घेतलेली आहे.

‘दोन्ही बाजू’ हा निकष मुळातच अपुरा आहे, हे इतरत्र अनुभवाने शिकावे लागले. ब्रिटनमध्ये प्रसारणाच्या नियमांत नुसत्या समान वेळेची अपेक्षा नाही; विषयाला साजेशी निष्पक्षता अपेक्षित आहे. हवामानबदल नाकारणाऱ्या एका माजी मंत्र्याची विधाने बीबीसीच्या रेडिओवर २०१७मध्ये आव्हान न देता जाऊ दिली गेली, तेव्हा तिथल्या नियामकाने तो नियमभंग ठरवला. मतांना बाजू असतात. तथ्याला समोरची बाजू नसते, तिथे चूक दाखवणे हे सूत्रधाराचे कर्तव्य असते. आपल्याकडे उलट झाले आहे. जिथे मतभेद रास्त आहेत तिथे अँकर स्वतःच निकाल देतो, आणि जिथे तथ्य तपासून सांगायला हवे तिथे ‘आम्ही दोघांनाही वेळ दिला’ म्हणून हात झटकतो.

दुसरे उत्तर प्रेक्षकांच्या आवडीचे. ही आवड मोजणारे मापच किती डळमळीत आहे ते पाहा. देशातल्या कोट्यवधी टीव्हीघरांची पसंती पन्नास-साठ हजार घरांतल्या यंत्रांवरून काढली जाते आणि त्यांतला वृत्तवाहिन्यांचा वाटा लहान असल्याने थोड्या घरांच्या फरकानेही क्रमवारी हलते. ऑक्टोबर २०२०मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपीतल्या कथित घोटाळ्याचा तपास हाती घेतल्यावर मापन करणाऱ्या बार्कने वृत्तवाहिन्यांचे आकडेच थांबवले. ते मार्च २०२२मध्ये पुन्हा सुरू झाले. जवळजवळ दीड वर्ष आठवड्याचा आकडा समोर नव्हता, तरी रात्रीची चौकट तशीच राहिली. याचा अर्थ तिला प्रेक्षकांच्या मागणीपेक्षा दुसरे काही तगवून धरत आहे. ते म्हणजे खर्च. मराठवाड्यातल्या पाणीटंचाईची बातमी करायची तर वार्ताहर, कॅमेरामन, गाडी आणि चार दिवस लागतात. सहा जणांना घरबसल्या इंटरनेटवरून जोडून घ्यायला यांतले काहीच लागत नाही. बातमी महाग आणि मत स्वस्त, म्हणून बातमीची जागा मताने घेतली. रिमोटचा युक्तिवाद इथे निरर्थक ठरतो, कारण एका वाहिनीवरून दुसरीवर गेले तरी तेच स्वस्त दुकान उघडे असते. शिवाय या चर्चांचे परिणाम फक्त पाहणाऱ्यांपुरते राहत नाहीत. मे २०२२मध्ये ज्ञानवापीवरच्या एका चर्चेत एका प्रवक्त्या प्रेषितांविषयी जे बोलल्या, त्याचे पडसाद देशाबाहेर गेले आणि जूनमध्ये उदयपूरला एका शिंप्याची, अमरावतीत एका औषधविक्रेत्याची हत्या झाली. हत्येचा दोष मारेकऱ्यांचाच, त्यात वाटेकरी शोधून तो हलका करता येणार नाही. पण न्यायप्रविष्ट विषयावर अशी चर्चा ठेवण्याची वाहिनीला गरजच काय होती, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यानंतर विचारले. अमरावतीच्या त्या कुटुंबाला ‘रिमोट हातात होता’ हे उत्तर कोण देणार?

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, स्वातंत्र्याचा. सरकारच्या हाती चर्चांचा लगाम द्यावा, असे मी म्हणत नाही. सत्तेवर कोणीही असो, तो लगाम प्रथम टीकाकारांच्याच तोंडात बसेल. पण स्वातंत्र्य कोणाचे, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५मध्येच देऊन ठेवले आहे. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून आलेल्या खटल्यात न्या. पी. बी. सावंत यांनी प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे आणि नागरिकांना विविध मते मिळण्याचा हक्क असल्याचे लिहिले. हा निकाल सरकारी मक्तेदारीविरुद्ध होता, न्या. जीवन रेड्डी यांनी वेगळ्या निकालपत्रात खासगी मक्तेदारीच्या धोक्याकडेही लक्ष वेधले. म्हणजे वाहिनीचे स्वातंत्र्य हे प्रेक्षकाच्या जाणण्याच्या हक्काचे साधन आहे, त्याच्यावर मात करणारा मालकी हक्क नव्हे. वाहिन्यांची स्वनियमन यंत्रणा या कसोटीला उतरत नाही. तिचे सदस्यत्व ऐच्छिक आहे आणि दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपये आहे. ऑगस्ट २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ती निष्प्रभ असल्याचे सांगितले. या यंत्रणेने हिजाबवरच्या आणि इतर काही चर्चांबद्दल दंड केले आहेत, म्हणजे दोष तिलाही दिसतो. शिक्षा मात्र अशी आहे की ती खर्चाच्या वहीत एका ओळीत मावते.

राजकीय पक्षांनी यावर शोधलेला उपायही चुकीचा होता. सप्टेंबर २०२३मध्ये विरोधी आघाडीने चौदा अँकरांच्या कार्यक्रमांवर बहिष्कार जाहीर केला. अपमान सहन करत बसावे असे कोणी म्हणणार नाही. पण माणसांची यादी केली की वाद माणसांभोवती फिरतो आणि प्रश्न तसाच राहतो. शिवाय समाजमाध्यमांवर उभ्या राहिलेल्या विरोधी सुराच्या अनेक चर्चाही त्याच साच्यात चालतात : आपल्याच बाजूचे चार जण आणि टोमणे मारायला नसलेला पाचवा. बहिष्कार घालायचा तर प्रश्नावर घाला. पाटीवर ‘विरुद्ध’ असेल, आरोपीच्या धर्माचा प्रश्न असेल, न्यायप्रविष्ट खटल्याचा निकाल मागितला असेल, तर सर्व पक्षांच्या प्रवक्त्यांनी त्या चर्चेला नकार द्यावा आणि कारण जाहीर सांगावे. नियामकासाठीही एक साधा बदल पुरेसा ठरेल : दोषी ठरलेल्या चर्चेची दुरुस्ती त्याच वेळी, त्याच अँकरने, तितकाच वेळ देऊन करायची. लाखाचा दंड मालक भरतो. नऊ वाजताची चाळीस मिनिटे दुरुस्तीसाठी गेली, तर तो हिशेब दुपारी प्रश्न लिहिणाऱ्याला आठवेल. यात सरकारच्या हातात काही जात नाही आणि कोणाचा आवाजही बंद होत नाही.

प्रेक्षकाकडे मोजायला एक माप आहेच. चर्चा सुरू झाली की पाहुणे मोजू नका, प्रश्न वाचा. या प्रश्नाचे असे एखादे उत्तर आहे का, की जे ऐकून अँकर म्हणेल, ‘हे मला माहीत नव्हते’? नसेल, तर तिथे चर्चा नाही, निकालाचे वाचन आहे. आणि त्या वाचनात जे हरवते त्याची किंमत मोठी आहे. गडचिंचल्याच्या त्या रात्री अफवा पाड्यापाड्यांतून कशी पोचली, ती वेळेत कोणी का खोडली नाही, आणि पुढच्या वेळी ती खोडण्यासाठी काय करून ठेवायला हवे, हे देशाने तेव्हा विचारायला हवे होते. पुढची अफवा उठेल तेव्हा त्या उत्तराची गरज पडेल. रात्रीच्या रात्री खर्च करून आपण ते उत्तर शोधलेले नाही.